टी-पेशींची वाट आणि कुष्ठरोगाची दोन रूपे

भीमा-अमरजेच्या संगमाजवळचे गाणगापूर हे आपल्या सीमाभागातील मराठी घराण्यांचे पिढ्यानपिढ्यांचे श्रद्धास्थान आहे. ‘गुरुचरित्रा’त नृसिंह सरस्वतींच्या तेथील वास्तव्याच्या ज्या कथा आल्या आहेत, त्यांत कुष्ठाने ग्रासलेल्या दोन ब्राह्मणांच्या कथा आहेत. एक वाळलेल्या औदुंबराच्या काष्ठाला श्रद्धेने पाणी घालणारा नरहरी, आणि दुसरा अंगावर पांढरे डाग घेऊन गाणगापुरास आलेला नंदी. (बेदरच्या बादशहाच्या फोडाची कथा सर्वश्रुत आहे, परंतु ती आपल्या विषयाबाहेरची.) या दोघांची व्याधी एकच होती असे मानण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या वैद्यकात ‘कुष्ठ’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरीत. सुश्रुताने सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरा कुष्ठे सांगितली असून ‘किलास’ म्हणजे आपले कोड, यालाही तो कुष्ठाचाच एक भेद मानतो. प्रस्तुत लेखात आम्ही विचार करणार आहोत तो ज्याला आपल्याकडे महारोग किंवा रक्तपिती म्हणत, त्या एकाच रोगाचा. आणि त्याच्या निमित्ताने मानवी शरीरातील एका विलक्षण पेशीचा.

हा विषय आपल्या घराण्यांच्या इतिहासापासून दूरचा वाटेल, परंतु तसे नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि बिदर, गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. तरीही आपल्या सोयरिकी उदगीर, निलंगा, लातूर, अक्कलकोट, सोलापूर याच टापूत होत राहिल्या. स्थळ पाहताना गोत्र, वतन, शेतीभाती यांच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी दबल्या आवाजात होत असे: ‘घरात कोणाला डाग आहे का?’ उत्तर होकारार्थी आले, तर त्या घरच्या सगळ्याच मुलींची लग्ने अडत. म्हणून डाग असलेला माणूस माजघरामागच्या खोलीत, नाहीतर शेतातल्या खोपटात जाई, आणि हळूहळू घराच्या बोलण्यातूनही नाहीसा होई. जुन्या वंशावळी चाळताना आम्हांला अशी नावे भेटली आहेत, ज्यांच्यापुढे ना विवाहाची नोंद आहे ना मृत्यूची. वंशावळ लिहिणाऱ्याने रेघ ओढली आणि पुढच्या भावाकडे वळला. प्रत्येक कोऱ्या रेघेचे कारण हेच होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु काहींचे निश्चित होते.

या व्यवहारामागे एक समजूत होती, ती म्हणजे रोग घराण्याचा असतो. आणि त्या समजुतीला पुष्टी देणारे एक कोडेही प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या चार भावंडांपैकी दोघांना काहीच होत नसे. तिसऱ्याच्या दंडावर एखादा बधिर चट्टा उठे आणि वर्षानुवर्षे तेवढाच राही. चौथ्याचा मात्र चेहरा सुजे, कानाच्या पाळ्या जाड होत, भुवयांचे केस गळत आणि अंगभर गाठी येत. रोग एकच असेल, तर रूपे इतकी निराळी कशी? आणि रूपे निराळी असतील, तर रोग एकच कसा?

युरोपातल्या वैद्यांनाही हेच कोडे पडले होते. नॉर्वेतील बर्गेन या बंदराच्या गावी डॅनिअलसेन आणि बोएक या दोघांनी १८४७ साली या रोगावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गाठींचा आणि बधिरतेचा असे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले आहेत. डॅनिअलसेन हा रोग आनुवंशिक मानी. पुढे त्याचाच जावई आर्मावर हान्सेन याने १८७३ साली रुग्णांच्या गाठींत जंतू पाहिले आणि रोग संसर्गाचा असल्याचे मत मांडले. सासऱ्याचा सिद्धांत जावयाने मोडल्याची शास्त्राच्या इतिहासात फारशी उदाहरणे नसावीत! याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हँडाइक कार्टर हा डॉक्टर नॉर्वेस जाऊन ते काम पाहून आला. शरीररचनेवरील ग्रेच्या विख्यात ग्रंथातील चित्रे काढणारा कार्टर तो हाच. मुंबई इलाख्यात त्याने या रोगाचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि आनुवंशिकतेकडून संसर्गाकडे आलेल्या भारतातील पहिल्या काही वैद्यकांत त्याची गणना होते.

जंतू सापडला तरी दोन रूपांचे कोडे सुटले नाही; उलट अधिक घट्ट झाले. बधिर चट्ट्याच्या रुग्णात जंतू शोधूनही सापडत नसत, आणि गाठींच्या रुग्णात ते कोट्यवधींनी असत. कदाचित जंतूंच्याच दोन जाती असतील, अशी शंका येणे साहजिक होते. तिचे निरसन अगदी अलीकडे झाले. २००१ साली या जंतूची संपूर्ण जनुकमाला वाचली गेली. २००५ साली जगाच्या निरनिराळ्या भागांतील नमुने परस्परांशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांत जवळजवळ फरकच आढळला नाही. म्हणजे जंतू सर्वत्र एकच. फरक आहे तो माणसात, आणि माणसातही त्याच्या प्रतिकारशक्तीत. जपानमधील मित्सुदा याने १९१९च्या सुमारास मृत जंतूंचा अर्क त्वचेत टोचून पाहण्याची जी कसोटी काढली, तिने हे आधीच सुचवले होते: चट्ट्याच्या रुग्णाच्या त्वचेवर तीन-चार आठवड्यांनी गाठ उठे, गाठीवाल्याच्या त्वचेवर काहीच उठत नसे. ज्याच्या अंगात शत्रू कोट्यवधींनी, त्याच्या शरीराला शत्रूची ओळखच नाही! १९६६ साली रिडली आणि जॉपलिंग यांनी या दोन टोकांच्या मध्ये रुग्णांची जी क्रमवारी लावली, ती प्रतिकारशक्तीच्याच पायावर. परंतु ही शक्ती म्हणजे नेमके काय, आणि ती एकात जागी व दुसऱ्यात निजलेली का, हे सांगण्याइतके ज्ञान त्या वेळी नव्हते. ते आले निराळ्याच वाटेने.

छातीच्या मधल्या हाडामागे एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि तारुण्यानंतर झिजत जाते. म्हणून मराठी परिभाषेत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव दिले आहे. इंग्रजीतून आलेला शब्द थायमस. या ग्रंथीला काही काम असेल असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसे कोणाला वाटत नव्हते. मरणाऱ्या पांढऱ्या पेशींची ती स्मशानभूमी असावी, असाच समज होता. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. ते उंदीर वाढेनात, संसर्गांना बळी पडू लागले, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या उंदराच्या कातडीचे ठिगळ त्यांच्या अंगावर बिनतक्रार रुजले. परके ते परके म्हणून ओळखण्याची विद्या त्यांच्यापाशी राहिलीच नव्हती.

याच्या पाच वर्षे आधी, १९५६ साली, अमेरिकेत ब्रूस ग्लिक याने कोंबडीच्या गुदद्वाराजवळील ‘बर्सा’ नावाची पिशवी काढली की रक्तात प्रतिद्रव्ये तयार होत नाहीत, असे दाखवले होते. एका नामांकित नियतकालिकाने तो निबंध परत केला आणि शेवटी तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापला गेला. कोंबड्यांच्या वैद्यांखेरीज तो कोण वाचणार? पण पुढे १९६५ साली मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी आणि १९६८च्या सुमारास मिलर व मिचेल यांनी या दोन शोधांची सांगड घातली. पांढऱ्या पेशींतील लसिकापेशींचे दोन कुळाचार निराळे आहेत हे त्यातून सिद्ध झाले. बर्सातील, आणि माणसात अस्थिमज्जेतील, त्या बी-पेशी. त्या प्रतिद्रव्ये बनवतात. थायमसमधून निघतात त्या टी-पेशी. त्या स्वतः मारतात, बी-पेशींना साहाय्य करतात आणि जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींना चेतवतात. ही नावे १९६९ साली रूढ झाली.

आता मूळ प्रश्न असा की अस्थिमज्जेत जन्मणारी पूर्वज पेशी तर एकच; तिची टी-पेशी केव्हा होते, आणि टी-पेशींतही अमुकच जातीची का होते? आपल्या पूर्वजांचे स्मरण केले तर हे समजणे सोपे जाईल. देशावरून या मुलखात आलेल्या एकाच घरातील भावांपैकी एक कुलकर्णी झाला, दुसरा शिलेदार झाला, तिसरा कोण्या सावकाराच्या पेढीवर बसला. गाव सोडताना हे कोणाच्या कपाळी लिहिलेले नव्हते. जो ज्या ठिकाणी पोहोचला आणि त्याला तेथे जे काम मिळाले, त्यावरून ते ठरले. सनद हाती पडेपर्यंत वाट बदलता येई. सनद झाली की मग पिढ्यानपिढ्या तेच आडनाव.

पूर्वज पेशी रक्तातून थायमसमध्ये येते, तेव्हा ती अजून कोणीही होऊ शकत असते. थायमसच्या अस्तरातील पेशी तिला एक खूण देतात, ती तिच्या पृष्ठभागावरील ‘नॉच’ नावाच्या ग्राहकाने घेतली जाते. नॉच म्हणजे खाच. फळमाशीच्या पंखांना खाच पडलेली दिसली, त्यावरून शंभरेक वर्षांपूर्वी त्या जनुकाला हे नाव पडले. माशीच्या पंखाचे जनुक माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या मुळाशी निघेल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल. १९९९ साली उंदरांत नॉच निकामी करून पाहिले, तेव्हा थायमसमध्ये टी-पेशींऐवजी बी-पेशी वाढू लागल्या. अर्थात टी-पेशी होणे हे पेशीच्या पोटी जन्मतःच नसते. ती खूण सतत मिळत राहावी लागते. काही काळाने ‘बीसीएल-११बी’ नावाचे जनुक जागे होते आणि परतीची दारे बंद करते. २०१० साली हे तीन स्वतंत्र निबंधांतून एकदमच दाखवले गेले. हे जनुक काढून घेतले, तर अर्ध्या वाटेवरची टी-पेशी दुसऱ्याच कुळाकडे वळते. सनदेवरचा शिक्का तो हाच.

यानंतर दुसरा फाटा लागतो. थायमसमधील कोवळ्या पेशीच्या अंगावर प्रथम सीडी-४ आणि सीडी-८ या दोन्ही खुणा नसतात. मग दोन्ही येतात. आणि शेवटी एकच उरते. सीडी-४ राहिली तर ती साहाय्यक पेशी होते, सीडी-८ राहिली तर मारेकरी. या टप्प्यावर पेशीची परीक्षा होते. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली कॅनबेरात दाखवले होते की टी-पेशी परक्या पदार्थाला एकट्याने ओळखत नाही. स्वतःच्या शरीराच्या विशिष्ट प्रथिनांच्या तळहातावर तो ठेवलेला असेल तरच ओळखते. (या शोधाबद्दल त्यांना १९९६चे नोबेल पारितोषिक मिळाले.) या तळहातांचे दोन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाचा तळहात ज्या पेशीला जुळतो ती सीडी-४ होते आणि पहिल्या वर्गाचा जुळणारी सीडी-८. ज्यांना काहीच जुळत नाही त्या मरतात, आणि स्वकीयांशी फार घट्ट जुळणाऱ्याही बहुतांशी मारल्या जातात, कारण त्या पुढे घरभेदी ठरतील. थायमसमध्ये घडणाऱ्या पेशींपैकी शेकडा पाचांहून कमी बाहेर पडतात. इतकी कडक परीक्षा आमच्या काळी लोकसेवा आयोगाचीही नव्हती.

जुळणी झाली हे पेशीला कळते कसे? पेशीला मिळणारा इशारा टिकून राहिला तर ती सीडी-४कडे जाते, मध्येच तुटला तर सीडी-८कडे, असे अमेरिकेतील आल्फ्रेड सिंगर यांनी मांडले आहे. इशाऱ्याचा केवळ जोर नव्हे, तर त्याचा काळही निर्णायक ठरतो. १९९८ साली फिलाडेल्फियात विभूती दवे, डिटमार कॅपेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक उंदीर वर्णिला की ज्यात साहाय्यक पेशी तयारच होत नव्हत्या. त्या वाटेच्या पेशीही मारेकरी होऊन बाहेर पडत. २००५ साली त्यामागचे जनुक ओळखले गेले. त्याला ‘टीएच-पॉक’ म्हणतात. त्या एका जनुकातील बिघाडाने पेशीचे कुळ बदलते. या मारेकरी पेशींचे कार्य पाहायचे असेल, तर नंदी ब्राह्मणाच्या पांढऱ्या डागांकडे वळावे लागेल. कोडामध्ये त्वचेतील रंग बनवणाऱ्या पेशींना स्वतःच्याच सीडी-८ पेशी मारतात, असे आज मानले जाते. तेथे जंतू नाही, संसर्ग नाही. आहे ती केवळ घरची तलवार घरच्यांवर चाललेली. सुश्रुताने एका प्रकरणात बसवलेले हे दोन विकार टी-पेशींच्या नात्याने पुन्हा शेजारी आले, हा योगायोग आम्हांला मौजेचा वाटतो.

कुष्ठरोगाच्या कोड्याची किल्ली मात्र तिसऱ्या फाट्यावर आहे. थायमसमधून बाहेर पडलेली साहाय्यक पेशी अजून कोरी असते. शरीरात कोठेतरी तिला तिचा शत्रू प्रथम भेटतो, आणि त्या पहिल्या भेटीच्या वेळी आसपास कोणती रासायनिक द्रव्ये आहेत, यावरून तिचे पुढचे चरित्र ठरते. १९८६ साली कॅलिफोर्नियात मोसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या साहाय्यक पेशींचे दोन प्रकार वेगळे केले. पहिला, टीएच-१, गॅमा इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडतो आणि महाभक्षी पेशींना गिळलेला जंतू मारायला लावतो. दुसरा, टीएच-२, इंटरल्यूकिन-४ सोडतो आणि प्रतिद्रव्यांची निर्मिती वाढवतो. एका प्रकाराचे द्रव्य दुसऱ्याला दाबते. म्हणून एकदा पारडे झुकले की ते झुकतच जाते. परंतु हे सारे उंदरांतले. माणसात असे काही घडते का, यावर तेव्हा वाद होता.

येथे आपल्याला मुंबईस यावे लागते. जे. जे. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर आणि बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया करण्यात आयुष्य वेचले, आणि १९७५ साली मुंबईत वैद्यकीय संशोधनासाठी ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ ही संस्था उभी केली. तेथे पद्मिनी सालगमे यांनी पी. आर. महादेवन व अंटिया यांच्यासह १९८३ साली दाखवले की गाठींच्या प्रकारातील रुग्णांच्या महाभक्षी पेशी एक दाबणारे द्रव्य सोडतात, आणि त्यामुळे टी-पेशी थंडावतात. पुढे सालगमे न्यूयॉर्कला बॅरी ब्लूम यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९९१च्या ऑक्टोबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात लागोपाठ दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकाच्या प्रथम लेखिका सालगमे होत्या, दुसरा लॉस एंजलिसच्या रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाचा होता. चट्ट्याच्या रुग्णांच्या टी-पेशी गॅमा इंटरफेरॉन बनवीत होत्या. गाठींच्या रुग्णांच्या टी-पेशी इंटरल्यूकिन-४. त्वचेच्या तुकड्यांतही तोच भेद आढळला. उंदरांतील दोन वाटा माणसात आहेत याच्या पहिल्या ठोस पुराव्यांपैकी एक कुष्ठरुग्णांच्या त्वचेतून मिळाला. बर्गेनला १८४७ साली वेगळी केलेली दोन रूपे आणि टी-पेशींच्या दोन वाटा यांची गाठ अशी १४४ वर्षांनी पडली.

याच काळात मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतही या विषयावर काम चालू होते, आणि त्याची मुळे आणखी जुनी आहेत. १९५८ साली वसंत रामजी खानोलकर, कमल रणदिवे आणि चं. वि. बापट यांनी गाठींच्या रुग्णापासून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. कुष्ठाचा खरा जंतू आजवर कोणालाही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही, आणि हाही तो नव्हता. तो त्याच्या भाऊबंदांपैकी एक ठरला. तरीही डॉ. मा. ग. देव आणि बापट यांनी १९७९च्या सुमारास त्यापासून लस तयार केली. कल्पना अशी की हा जंतू कुष्ठाच्या जंतूशी इतका मिळताजुळता आहे, की त्याच्या पहिल्या भेटीने टी-पेशी योग्य वाटेला लागाव्यात. दक्षिण भारतात डॉ. मो. दि. गुप्ते यांच्या देखरेखीखाली १,७१,४०० लोकांवर चार लसींची तुलना झाली. १९९८ साली आलेल्या निष्कर्षांत या मुंबईच्या लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले होते. क्षयाच्या नेहमीच्या बीसीजी लसीने ३४.१ टक्के. एवढे असूनही ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. तोपर्यंत बहुविध औषधांनी रुग्णसंख्या झपाट्याने घटली होती, आणि घटणाऱ्या रोगासाठी नवी लस हा खर्च शासनांना पटेना. आमच्या मते ही संधी गेली.

त्याच संस्थेच्या परंपरेतील डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी जर्मनीत असताना १९८६ साली कुष्ठजंतू-विशिष्ट मारेकरी टी-पेशींवर निबंध लिहिला, आणि पुढे खारघरच्या केंद्रात नॉच ही खूण प्रौढ टी-पेशींच्या वर्तनातही कशी गुंतलेली असते, यावर २०१४ साली काम प्रसिद्ध केले. आपल्या कर्नाटकातही, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात अपूर्वा सरीन यांच्या गटाने २०१२ साली नॉचचा संबंध नियामक टी-पेशींशी जोडून दाखवला. नियामक पेशी ही साहाय्यकांचीच आणखी एक शाखा, भांडण मिटवणारी. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली ती ओळखली, आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली तिचे जनुक शोधले. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल मिळाले. दरम्यान २००५ साली टीएच-१७ ही तिसरी शाखाही प्रस्थापित झाली, आणि दोनच वाटांचे सुटसुटीत चित्र मागे पडले.

मग एखाद्याच्या पेशी पहिल्या वाटेने आणि दुसऱ्याच्या दुसऱ्या वाटेने का जातात? याचे एकच कारण नाही. किती जंतू किती काळ अंगात शिरले, भक्षी पेशींनी इंटरल्यूकिन-१२ हे चेतवणारे द्रव्य पुरेसे सोडले की नाही, अशा अनेक गोष्टी त्यात येतात. आनुवंशिकतेचा काहीच भाग नाही असे म्हणणेही शास्त्राला धरून होणार नाही. रोगाला बळी पडण्याची शक्यता थोडीफार बदलणारी जनुके २००४ आणि २००९ साली सापडली आहेत. परंतु ती रोग देत नाहीत. शेकडा ९५हून अधिक माणसे या जंतूला जन्मतःच दाद देत नाहीत. बाबा आमटे यांनी स्वतःच्या अंगात हे जंतू टोचून घेतले आणि त्यांना काही झाले नाही, हे त्यांच्या चरित्रांत प्रसिद्धच आहे. ज्या घरात एकाला डाग उठला, त्या घरातल्या मुलीचे लग्न मोडणाऱ्याने आपण नेमके कशाला भीत आहोत, याचा विचार केलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पहिली वाट सर्वस्वी भली आणि दुसरी सर्वस्वी वाईट, असे नाही. बधिर चट्ट्याच्या रुग्णात जंतू मरतात, पण मज्जातंतूंत शिरलेल्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी मज्जातंतूही जाळतात. हाताची बोटे वाकतात ती पुष्कळदा जंतूमुळे नव्हे, तर या झुंजीमुळे. मधल्या पायरीवरच्या रुग्णात तर उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, पारडे एकाएकी पहिल्या बाजूला झुकते. जुने चट्टे लाल होतात, नस दुखू लागते, आणि वेळेवर स्टेरॉइड दिले नाही तर काही दिवसांत हात किंवा पाय लुळा पडतो. अशा रुग्णाचा रोग उलटला असे घरचे समजतात, आणि गोळ्यांनीच हे केले म्हणून गोळ्या बंद करतात.

गोळ्यांचाही इतिहास लांब आहे. निजामी अमदानीत शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील डिचपल्ली येथे इझाबेल केर आणि जॉर्ज केर या दांपत्याने १९१५ साली कुष्ठरुग्णालय सुरू केले, तेव्हा उपचार होता कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा. डॅप्सोन आले ते स्वातंत्र्याच्या सुमारास. १९८१-८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार सांगितला, आणि २००५च्या डिसेंबरात भारतात रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. राज्यशासनाच्या नोकरीत असताना आम्ही ज्या नोंदवह्या पाहिल्या, त्यांत रुग्णांचे दोन रकाने असत: पाचपर्यंत चट्टे असलेले अल्पजंतू, सहा किंवा अधिक चट्टे असलेले बहुजंतू. पहिल्यास सहा महिने औषध, दुसऱ्यास बारा. गावोगाव फिरून चट्टे मोजणाऱ्या कर्मचाऱ्याला टीएच-१ आणि टीएच-२ ही नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु तो त्या दोन रकान्यांत जी माणसे वाटत होता, ती त्यांच्या टी-पेशींनी वर्षांपूर्वीच वाटून ठेवलेली होती.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ साली वगळण्यात आले. २०१८ पासून रुग्णाच्या सहवासातील निरोगी माणसांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा देण्याची पद्धत आपल्या देशात सुरू झाली आहे. बांगलादेशातील २००८च्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत तिने नव्या रुग्णांची संख्या सुमारे ५७ टक्क्यांनी घटवली होती. त्यासाठी रुग्णाच्या घरी जाऊन सर्वांची नावे लिहून घ्यावी लागतात. या कामावरील कर्मचारी सांगतात की वाडा जितका जुना, तितकी ही यादी मिळणे अवघड. पुष्कळदा रुग्ण स्वतःच सांगतो की घरात दुसरे कोणी नाही, आणि आतल्या खोलीतून मुलांचा आवाज येत असतो.